हजार रुपयांच्या आतली रेड

हजार रुपयांच्या आत बरी रेड वाइन मिळते का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कधी लग्नाच्या पंगतीत, कधी बँकेच्या रांगेत, आणि बहुतेक वेळा आवाज उतरवून. विचारणाऱ्याला दोन धास्त्या असतात. एक म्हणजे कुणी ऐकेल. दुसरी म्हणजे एवढ्या कमी पैशांत वाइनचं नाव काढणं हाच आगाऊपणा ठरेल. पहिल्या धास्तीला माझ्याकडे औषध नाही. दुसरी मात्र अगदी निराधार आहे.

मिळते, आणि चांगली मिळते. त्यासाठी एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी लागते. महागड्या वाइनची स्वस्त नक्कल शोधायची नाही. कोवळ्या वयातच प्यायची म्हणून जी साधी, ताजी वाइन केलेली असते, ती शोधायची.

दुकानात पाऊल टाकलं की पहिला मोह परदेशी बाटलीचा. लेबलावर किल्ला असतो, सोनेरी अक्षरं असतात, आणि किंमत दीड हजाराच्या आसपास दिसली की वाटतं, थोडी ताणाताण करू पण खरी वस्तू पदरात पडेल. इथे जरा हिशेब मांडू या. परदेशी वाइनवर भारतात वर्षानुवर्षं १५० टक्के आयातशुल्क लागत आलं आहे. समजा, चिलीहून निघालेली बाटली जहाजभाड्यासकट आपल्या बंदरावर २०० रुपयांना उतरली. शुल्काचे ३०० धरून झाले ५००. त्यावर राज्याचे कर आणि फी, मग आयातदार, वितरक, दुकानदार. फळीवर येईपर्यंत तिच्या अंगावर दीड हजाराचं लेबल चिकटतं. म्हणजे दीड हजार मोजून आपण २०० रुपयांची वाइन घरी आणतो, आणि त्या २००मध्ये काच, बूच आणि भाडंही आलंच. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे डिसेंबर २०२२पासून तिथल्या बाटल्यांवरचं शुल्क उतरायला लागलं, पण ती सवलत पाच डॉलर किंवा त्याहून जास्त आयातकिमतीच्या बाटल्यांना. आपल्या खिशाला परवडणाऱ्या बाटल्या त्या रेषेच्या खालीच राहतात.

त्याऐवजी सात-आठशे रुपये नाशिकच्या बाटलीवर खर्च केले तर त्यातला कितीतरी मोठा वाटा द्राक्षापर्यंत पोहोचतो. महाराष्ट्राने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, राज्यात होणाऱ्या वाइनला उत्पादनशुल्कात माफी दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. पुढे सवलतींची रूपं बदलत गेली, २००८-०९च्या मंदीत मागणी कोसळली, कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. तरीही जे टिकले त्यांनी आज आपल्याला निवड करता येईल एवढी वाइन बाजारात आणली आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाने कमी पैशांत रेड शोधायची तर सुरुवात घरापासूनच करावी, यात अभिमानाचा भाग थोडा आणि हिशेबाचा जास्त आहे.

पण इथली प्रत्येक रेड चांगली असते असं नाही. फरक कुठे पडतो ते मला बागेत कळलं. दिंडोरीकडे आमच्या ओळखीचे एक बागायतदार आहेत. आम्ही सगळे त्यांना तात्याच म्हणतो. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांच्या शिराझच्या ओळींमधून ते मला फिरवत होते. खायच्या द्राक्षांची सवय असलेल्या डोळ्यांना ते घड किरकोळच वाटतात. मणी करवंदाएवढे, साल जाड, आत दोन-तीन बिया. मी मणी तोंडात टाकून गर चोखला, तसे तात्या म्हणाले, ‘‘नुसता गर नका चोखू. साल चावा. आता बी फोडा दातांनी.’’

साल चावली तशी जीभ हलकीच आवळली गेली. बी मात्र कुरकुरीत फुटली आणि भाजल्यासारखी लागली. तात्यांनी पलीकडच्या, सावलीतल्या वेलाचा एक मणी दिला. गोडीत फारसा फरक नव्हता, पण याची बी हिरवट, चिवट, आणि तोंड असं तुरट झालं की पाणी मागावं लागलं. ‘‘साखर काय, यंत्रात दिसते,’’ हातातला रिफ्रॅक्टोमीटर दाखवत ते म्हणाले. ‘‘सालीचं आणि बीचं यंत्र म्हणजे आपलं तोंड. ही ओळ परवा तोडायची, ती अजून आठवडाभर थांबणार.’’

रेडचं सगळं मर्म या थांबण्यात आहे. व्हाइट वाइनला द्राक्षं पिळून रस लगेच वेगळा काढतात. रेड मात्र साली-बियांसकट आंबते. रंग सालीतून येतो, आणि जिभेला आवळणारं टॅनिन साली-बियांतून. आपल्याकडे उन्हामुळे साखर भराभर चढते, साल मागे राहते. बागायतदाराने घाई केली किंवा एका वेलावर जास्त घड धरले, तर गोडी पुरेशी असूनही वाइनमध्ये कच्चेपणा उतरतो. अशा कॅबर्ने द्राक्षाच्या वाइनला कापलेल्या हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. एकदा ओळखला की तो विसरता येत नाही. म्हणूनच स्वस्त व्हाइट चांगली करणं त्या मानाने सोपं, स्वस्त रेड चांगली करणं अवघड.

नाशिकला यात निसर्गाची साथ आहे. हा भाग समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावरची गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून इथला शेतकरी फळ हिवाळ्यात पिकवतो. दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळाला की साल पिकायला वेळ मिळतो आणि द्राक्षातला आंबटपणाही टिकतो. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा काळ. या हवेत शिराझ चांगली रमते. म्हणून माझा पहिला सल्ला हाच असतो की कमी पैशांत रेड घ्यायची तर लेबलावर शिराझ शोधा, किंवा शिराझ आणि कॅबर्नेचं मिश्रण. नुसती कॅबर्ने खिशात जास्त पैसे असतील तेव्हा बघू.

नावंच सांगायची तर सुलाची शिराझ-कॅबर्ने सगळीकडे मिळते. तिची सवय झालेले लोक तिच्याकडे नाक मुरडतात, तो अन्याय आहे. गाभुळलेल्या जांभळाचा स्वाद, वर मिरीची झाक, आणि दरवर्षी साधारण तीच चव. एवढं सातत्य या किमतीत राखणं हे सोपं काम नाही. त्यांचीच लाल झिन्फँडेल ज्यांना टॅनिन नकोसं वाटतं त्यांच्यासाठी. ग्रोव्हर झाम्पाच्या आर्ट कलेक्शनमधली कॅबर्ने-शिराझ कर्नाटकातल्या मराठी मंडळींना हाताशी आहे, कारण नंदी हिल्सच्या पायथ्याशी त्यांच्या बागा आहेत. आणि फ्राटेली. अकलूजच्या उसाच्या मुलखात मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेची बंधू एकत्र आले आणि त्यांनी तिथे इटलीची सँजोव्हेसे लावली. टस्कनीचं द्राक्ष माळशिरस तालुक्यात रुजलं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. ती बाटली कधी आपल्या मर्यादेत बसते, कधी थोडी बाहेर जाते. किमती राज्याराज्यांत बदलतात, कारण दारूवरचा कर राज्यांचा आहे. गोव्यात तीच बाटली स्वस्त पडते.

गोव्याचं नाव निघालं की पोर्ट आठवतेच. आपल्यातल्या पुष्कळांची पहिली वाइन म्हणजे कुणीतरी गोव्याहून आणलेली गोड, लाल पोर्ट. ज्यांना ती आवडते त्यांनी खुशाल प्यावी. फक्त तिच्या गोडीची अपेक्षा ठेवून शिराझ उघडू नका, पहिल्या घोटालाच मन खट्टू होईल.

आता पिंपांविषयी. ‘ओकमध्ये मुरवलेली’ हे शब्द वाचून आपण शंभर-दोनशे रुपये जास्त द्यायला तयार होतो. नेहमीच्या पिंपात २२५ लिटर वाइन मावते, म्हणजे ३०० बाटल्या. नवं फ्रेंच पिंप लाखाच्या घरात जातं. नुसत्या लाकडाचा भार बाटलीमागे तीनेकशे रुपये झाला. पिंप पुन्हा वापरलं तर तो विभागला जातो, तरी आठशेच्या बाटलीत नवं पिंप बसवणं कुणालाच शक्य नाही. मग टाकीत ओकच्या ढलप्या किंवा फळ्या सोडतात. त्यात फसवणूक नाही, ती जगभर चालणारी रीत आहे. पण त्याने कित्येकदा व्हॅनिलाचा जाड लेप बसतो आणि खाली द्राक्ष सापडतच नाही. या किमतीत मला लाकूड नको, फळ हवं.

दुकानात बाटली हातात घेऊन दोन गोष्टी बघायच्या. पहिली, लेबलावरचं वर्ष. या वर्गातली रेड दोन-तीन वर्षांच्या आतली असावी. जुनी वाइन चांगली हा समज फार थोड्या, फार महाग बाटल्यांपुरता खरा आहे. दुसरी, ती बाटली कुठे उभी होती. आपल्याकडच्या दुकानांत वाइनची फळी बहुधा दर्शनी कोपऱ्यात असते, ऊन येतं तिथे. मे महिना तिथे काढलेल्या बाटलीतली वाइन शिजलेली लागते, फळाऐवजी मनुकांचा आणि जॅमचा वास येतो. बूच वर सरकलेलं दिसलं किंवा मानेवर चिकट ओघळ असेल तर ठेवून द्या आणि आतल्या खोक्यातली मागा. फिरकीचं झाकण असेल तर उत्तमच. ताजी प्यायच्या वाइनला ते बुचापेक्षा जास्त जपतं, त्याला हलकं समजू नये.

घरी आणल्यावर कराल ती सर्वांत स्वस्त सुधारणा फ्रीजमध्ये आहे. रेड ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हे वाक्य युरोपातल्या जुन्या, गार घरांमधून आलं. तिथली खोली सोळा-अठरा अंशांची, आपली एप्रिलमधली बत्तीस-चौतीसची. तेवढ्या उष्णतेत नाकाला आधी अल्कोहोल झोंबतं, फळ मागे पडतं, वाइन सैल लागते. प्यायच्या आधी अर्धा तास बाटली फ्रीजमध्ये ठेवा. मग एखाद्या जगमध्ये ओतून दहा मिनिटं हवा लागू द्या आणि पेला फक्त एक तृतीयांश भरा. तीच बाटली, तीच किंमत, पण ज्याला पूर्वी ती आवडली नव्हती तो माणूस दुसरा पेला मागतो. माझ्या स्वयंपाकघरात हे पुन्हा पुन्हा घडलं आहे.

बरोबर काय खायचं, यात आपल्या जेवणाने घाबरून जायचं कारण नाही. तिखट तेवढं सांभाळावं. अल्कोहोल मिरचीचा जाळ वाढवतं आणि टॅनिन त्यात आणखी कडवटपणा घालतं. झणझणीत सावजी रश्शापुढे कोणतीही रेड टिकत नाही. मीठ आणि चरबी मात्र टॅनिनला मऊ करतात. कमी तिखटाचं, मिरी-खोबऱ्याचं सुकं मटण आणि शिराझ ही जोडी मी कुठल्याही हॉटेलच्या ताटासमोर मांडायला तयार आहे. शाकाहारी घरात वांग्याचं भरीत करा. निखाऱ्यावर भाजलेलं, वर कच्चा कांदा आणि थोडे शेंगदाणे, सोबत ज्वारीची भाकरी, ठेचा बाजूला. वांग्याचा धुरकट वास आणि शिराझची मिरी एकमेकांना धरून राहतात. बांगडा किंवा सुरमईबरोबर रेड नको, तोंडात धातूसारखी चव राहते.

दोघांच्या घरात पूर्ण बाटली एका रात्री संपत नाही, संपूही नये. रेड हृदयाला चांगली म्हणून कुणी पीत असेल तर त्याने ते कारण सोडावं. दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं आहे. चवीसाठी, जेवणाबरोबर, थोडी. उरलेली राखायची तर ३७५ मिलिलिटरची एक रिकामी बाटली स्वच्छ करून ठेवा. नवी बाटली उघडल्याबरोबर निम्मी तिच्यात काठोकाठ ओता, झाकण घट्ट लावा, फ्रीजमध्ये ठेवा. वर हवाच उरत नाही, त्यामुळे चार-पाच दिवसांनीही वाइन जागेवर असते. त्याहून जुनी झाली तर मटणाच्या मुरवणीत घाला.

२०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं होतं. विरोध झाला, ते मागे पडलं. दारूने घरं बसलेली ज्यांनी पाहिली, त्यांची काळजी मी हलक्यात घेत नाही. पण त्यामुळे आपल्या वाट्याला राहिली ती त्याच जुन्या दुकानातली कोपऱ्यातली फळी. ती सुधारायची तर गिऱ्हाइकानेच बोलायला हवं. मी आमच्या दुकानदाराला सांगत राहिलो, ‘‘भाऊ, या वर्षीची शिराझ आली का? आणि ती उन्हात नका ठेवू.’’ आता ते रेडची खोकी आत, कूलरजवळ ठेवतात आणि नवा माल आला की मला फोन करतात.