सणाचे यजमान कोण?

गेल्या संक्रांतीच्या सुमारास एका ज्येष्ठ नागरिक निवासात जाण्याचा योग आला. शहराच्या गजबजाटापासून थोडी दूर असलेली ती वास्तू स्वच्छ आणि नेटकी होती. अंगणात तुळशीवृंदावन होते, दारात रांगोळी होती. त्या दिवशी शहरातील एका महिला मंडळाने तेथे हळदीकुंकू योजले होते. सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या, ध्वनिक्षेपक लावला होता, वाणाच्या वस्तू टेबलावर ओळीने रचल्या होत्या. निवासातील एक आजी, निवृत्त शिक्षिका, सकाळपासून तिळगुळाच्या पुड्या बांधत होत्या. शंभरएक पुड्या त्यांनी बांधल्या असतील. पाहुण्या भगिनी आल्या आणि कार्यक्रम सुरू होण्याची वेळ झाली, तशा त्या उठल्या, पदर सावरला आणि आपल्या खोलीकडे निघाल्या. मी विचारले, "आजी, निघालात?" त्या म्हणाल्या, "माझं काम झालं. आता यांचं चालू द्या."

त्यांना कोणी जा म्हटले नव्हते. पण कोणी थांबाही म्हटले नव्हते. सभागृहात निवासातील सात-आठ सवाष्णी बसल्या होत्या. उरलेल्या तीसएक स्त्रिया वऱ्हांड्यात, खोल्यांच्या दारांत उभ्या होत्या. त्यांच्याकरिता शेवटी तिळगूळ पाठवण्यात आला.

या प्रसंगाने मनात जो प्रश्न उभा राहिला, तो त्या एका निवासापुरता नाही. वृद्धनिवासात साजरे होणारे सण नेमके कोणाचे असतात? ते तेथे राहणाऱ्यांचे असतात की तेथे येणाऱ्यांचे?

वृद्धाश्रम म्हटला की आपल्याकडे चर्चा एकाच वळणाने जाते. मुले कृतघ्न झाली, एकत्र कुटुंब मोडले, पाश्चात्त्य संस्कृतीने घात केला, असे म्हणून आपण मोकळे होतो. या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे, परंतु ते अपुरे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील माणसांची संख्या दहा कोटींच्या वर होती. आयुर्मान वाढले, घरे लहान झाली, मुले नोकरीनिमित्त बंगळुरूला किंवा परदेशी गेली. अनेक ज्येष्ठ आज समजून-उमजून, स्वतःच्या निवृत्तिवेतनावर अशा निवासात राहतात. महाराष्ट्र शासनानेही १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली होती. म्हणजे ही व्यवस्था आता समाजजीवनाचा भाग झाली आहे. तिच्या नावाने केवळ उसासे टाकण्यापेक्षा तिच्या आत जीवन कसे फुलेल, याचा विचार करणे अधिक हिताचे आहे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी आणि कल्याणासाठी केंद्राने २००७ मध्ये कायदा केला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा निवासाची तरतूद आहे, आणि तेथे वैद्यकीय सेवा व मनोरंजनाची साधने असावीत, असेही म्हटले आहे. कायद्याने एवढे म्हणावे हे योग्यच. परंतु मनोरंजन आणि उत्सव या दोन वस्तू भिन्न आहेत. मनोरंजनाला प्रेक्षक पुरतात. उत्सवाला मात्र यजमान लागतो. घरी गणपती बसतो तेव्हा कोणी आरास करतो, कोणी दूर्वा निवडतो, कोणी मोदकांच्या पाऱ्या करतो, आणि ज्याला काहीच जमत नाही तो निदान टाळ हाती घेतो. आपल्या हाताचे काही त्यात पडले, या भावनेतून तो सण आपला होतो. १८९३ मध्ये लोकमान्यांनी गणेशोत्सव घरातून चौकात आणला, तेव्हाही लोकांना केवळ गर्दीत उभे करणे हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना कार्यात सहभागी करून घ्यायचे होते.

आता आपल्या वृद्धनिवासांतील चित्र पाहावे. दिवाळीच्या चार दिवसांत फराळाची पाकिटे घेऊन एकामागून एक गट येतात. मधुमेही आजोबांच्या हाती लाडू ठेवला जातो, छायाचित्र निघते, दोन भाषणे होतात आणि मंडळी निघून जातात. मग माघ-फाल्गुनात त्या फाटकाशी कोणी फिरकत नाही. देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. उलट त्यांच्यातील अनेकांच्या मनात खरी कणव असते. पण ज्या स्त्रीने चाळीस वर्षे स्वतःच्या घरी करंज्या केल्या, तिला तयार करंजीचे पाकीट घेऊन टाळ्या वाजवण्यास बसवणे, हा तिचा सन्मान म्हणता येईल का? देण्याचा अधिकार गमावणे हे वार्धक्यातील मोठे दुःख आहे. औषधे आणि वेळेवर जेवण मिळूनही ते दुःख शिल्लक राहते.

हळदीकुंकवाच्या प्रसंगी तर हे दुःख दुहेरी होते. वृद्धनिवासांत विधवा स्त्रियांची संख्या मोठी असते, यात नवल नाही. आपल्याकडे पती वयाने बहुधा मोठा असतो, स्त्रियांचे आयुर्मान अधिक असते, आणि दोघे असेपर्यंत घर कसेबसे चालते. एक गेल्यावरच निवासाची वाट धरली जाते. ज्या वास्तूत बहुसंख्य स्त्रियांचे पती निवर्तले आहेत, तेथे केवळ सवाष्णींचा समारंभ करणे म्हणजे घरातील बहुतेकांना वऱ्हांड्यात उभे करून सण साजरा करणे होय.

यावर कोणी परंपरेचा दाखला देईल. परंपरेचा आदर आम्हालाही आहे, आणि म्हणूनच तिचा इतिहास आठवावासा वाटतो. विधवेचे केशवपन हाही एके काळी धर्माचारच मानला जाई. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला, तेव्हा त्यांना बहिष्कार सोसावा लागला. आज केशवपनाचे समर्थन करणारा कोणी सापडणार नाही, आणि ते गेले म्हणून धर्म बुडाला असेही कोणी म्हणणार नाही. अगदी अलीकडे, मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या गोष्टी गावात होऊ नयेत, असे ग्रामस्थांनीच ठरवले. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा, असे परिपत्रक काढले. खेडेगावाला जे साधले, ते सुशिक्षितांच्या वृद्धनिवासांना का साधू नये?

अर्थात येथे घाईही नको. आयुष्यभर एका रीतीने वागलेल्या स्त्रीच्या कपाळी बळेच कुंकू लावणे हाही तिच्या मनावरचा अत्याचारच ठरेल. काही आजी स्वतःहून नको म्हणतील. त्यांच्या नकाराचा मान राखला पाहिजे. परंतु बोलावणे सर्वांना हवे. मग कोणी कुंकू घेईल, कोणी नुसता तिळगूळ आणि फूल घेईल. संक्रांतीचा गाभा गोड बोलण्यात आणि एकमेकांच्या घरी जाण्यात आहे. कोणाला दाराबाहेर ठेवून तो गाभा कसा जपला जाणार?

ही वाट फार कठीण नाही. निवासाच्या व्यवस्थापनाने वर्षाच्या सणांचे नियोजन रहिवाशांच्या समितीकडे सोपवावे. हिशेब आयुष्यभर बँकेत काम केलेल्या आजोबांनी ठेवावा. सुरक्षिततेसाठी स्वयंपाकघर बंद ठेवावे लागत असेल, तर भोजनगृहातील टेबलावर करंज्या भरता येतील, मटार सोलता येतील. ज्यांचे हात थरथरतात त्यांना वाती वळता येतात. ज्यांना उठवत नाही त्यांना स्तोत्रे मुखोद्गत असतात. शेजारच्या वस्तीतील मुलांना ती त्यांच्याकडून शिकता येतील. आषाढी एकादशीला चाकांच्या खुर्च्यांसह अंगणात दिंडी निघू शकते. चैत्रातील पन्हे आणि आंब्याची डाळ रहिवाशांनी करावी आणि परिसरातील घरांना निमंत्रण द्यावे. असे एकत्र राबलेले लोकच एकमेकांच्या आजारपणात उशाशी बसतात, आणि कोणाची खुर्ची कायमची रिकामी झाली, तर तिच्याकडे पाहून त्यांचेच डोळे भरून येतात.

सेवाभावी मंडळांना एक विनंती करावीशी वाटते. सेवा म्हणजे आपल्याजवळचे देणे, हे खरे. पण समोरच्याच्या हातून विनम्रपणे काही घेणे, हीसुद्धा सेवाच आहे. पुढील सणाला वृद्धनिवासात जाताना आधी दूरध्वनी करावा आणि विचारावे, "तुमच्याकडे काय बेत आहे? आम्ही आलो तर चालेल का?" मग पाहुणे म्हणून जावे, वाढलेले खावे, वाकून नमस्कार करावा.

आणि संक्रांतीला गेलात, तर ज्या आजींनी पुड्या बांधल्या, त्यांच्याच हातून तिळगूळ घ्यावा. त्या उठून खोलीकडे निघाल्या, तर एवढेच म्हणावे, "आजी, बसा ना. वाण आज तुमच्या हातून हवं आहे."