पाचवीची उडी : गोव्यातील मधल्या शाळेचा दुर्लक्षित प्रश्न

गावातील सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून चौथी उत्तीर्ण झालेले मूल पाचवीसाठी जवळच्या विद्यालयात जाते, तेव्हा त्याच्या आयुष्यातील कितीतरी गोष्टी एकाच सकाळी बदलतात. दिवसभर वर्गात असणाऱ्या एका बाईंच्या जागी सहा-सात शिक्षक येतात. दर तासाला घंटा वाजते आणि फळ्यापुढचा चेहरा बदलतो. चालत जाण्याच्या अंतरावरील शाळेऐवजी रस्त्याच्या कडेला बालरथाची किंवा कदंब बसची वाट पाहावी लागते. आणि चार वर्षे मराठीतून शिकलेले गणित त्या दिवसापासून इंग्रजीतून सुरू होते. दहा वर्षांच्या मुलाकडून आपण हे सारे गृहीत धरतो. पालक गृहीत धरतात, शिक्षक गृहीत धरतात आणि सरकारी धोरणही गृहीत धरते.

गोव्यात शिक्षणावर चर्चा कमी होते असे मुळीच नाही. प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमाचा वाद १९९० पासून आपल्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आहे. त्यावरून आंदोलने झाली, मंच उभे राहिले, निवडणुकांची गणिते बदलली. दुसऱ्या टोकाला दहावी-बारावीचा निकाल आहे. तो लागला की टक्केवारीचे आकडे पहिल्या पानावर येतात. या दोन टोकांच्या मध्ये पाचवी ते आठवी ही चार वर्षे आहेत आणि त्यांच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. तिथे अनुदानाचा वाद नाही आणि बोर्डाची परीक्षाही नाही. दहावीतील गणिताची भीती मात्र बहुधा याच वर्षांत जन्माला येते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शाळेची रचना पाच, तीन, तीन आणि चार अशा वर्षांच्या टप्प्यांत मांडली आहे. त्यात तिसरी ते पाचवी हा पूर्वतयारीचा टप्पा आणि सहावी ते आठवी हा मधला टप्पा. मधल्या टप्प्याचे उद्दिष्ट धोरणात स्पष्ट आहे. वय वर्षे अकरा ते चौदा या काळात मूल अमूर्त संकल्पना हाताळू लागते. म्हणून विज्ञान, गणित, समाजशास्त्र, कला हे विषय स्वतंत्रपणे, विषयशिक्षकांकडून आणि प्रत्यक्ष अनुभवातून शिकवावेत, असे ते सांगते. त्याआधीच्या टप्प्यात मात्र शिकणे एकसंध असावे, एका ओळखीच्या शिक्षकाच्या हाताखाली असावे, ही अपेक्षा आहे.

गोव्याची शाळा या रेषेवर विभागलेली नाही. आपली सरकारी प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि पाचवी विद्यालयाच्या इमारतीत बसते. राष्ट्रीय रचनेनुसार जे मूल अजून पूर्वतयारीच्या टप्प्यात आहे, ते आपल्याकडे एक वर्ष आधीच मधल्या शाळेच्या शिस्तीत, वेळापत्रकात आणि भाषेत ढकलले जाते. वरवर पाहता हा केवळ इमारतीचा तपशील वाटेल. पण त्याच धोरणात मातृभाषेतून वा घरच्या भाषेतून शिक्षण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत वा त्यापुढेही द्यावे, असे म्हटले आहे. सरकारी मराठी शाळेतील मुलाच्या बाबतीत आपण त्या किमान मर्यादेच्याही एक वर्ष आधी थांबतो. धोरणाची अंमलबजावणी आघाडीवर राहून करणारे राज्य, अशी गोव्याची ओळख सरकार आवर्जून सांगते. २०२३-२४ मध्ये पायाभूत टप्प्यापासून ती सुरूही झाली. पाचवीच्या या जागेकडे मात्र अजून कोणी गंभीरपणे पाहिलेले दिसत नाही.

२०२५ मध्ये ही विसंगती चांगलीच उघडी पडली होती. त्या वर्षी सहावी ते दहावी आणि बारावीचे शैक्षणिक वर्ष जूनऐवजी ७ एप्रिलला सुरू करण्यात आले. त्या यादीत पाचवी नव्हती. एकाच विद्यालयात, एकाच मुख्याध्यापकांच्या हाताखाली असलेला पाचवीचा वर्ग सरकारच्या दृष्टीने वेगळ्या टप्प्यातला ठरला. पालकांचा सारा विरोध एप्रिलच्या उकाड्यावर आणि बुडालेल्या सुट्टीवर केंद्रित झाला, आणि ते स्वाभाविकही होते. आंब्या-फणसाच्या दिवसांत मुलांना वर्गात बसवणे कोणाला रुचेल? परंतु वेळापत्रकासाठी पाचवी वेगळी काढता येते, तर अध्यापनासाठी का नाही, हा प्रश्न त्या गदारोळात राहून गेला.

माध्यमाच्या वादात आपण अस्मितेविषयी बोलतो, पण वर्गातला खरा अडथळा फार साधा असतो. चौथीतल्या मुलाला बेरजेतला ‘हातचा’ ठाऊक असतो. पाचवीत तो ‘कॅरी’ होतो. अंश आणि छेद ‘न्यूमरेटर’ आणि ‘डिनॉमिनेटर’ होतात, लघुत्तम सामाईक विभाज्य हा ‘एलसीएम’ होतो. हे शब्द पाठ करता येतात. संख्यांची नावे अधिक अवघड. मराठीत सत्तावीस म्हणताना आधी सात येतो, मग वीस. इंग्रजीत ‘ट्वेंटी’ आधी आणि ‘सेव्हन’ नंतर. पाढे मराठीत पाठ असलेले मूल मनात मराठीत गुणते, उत्तर इंग्रजीत फिरवते आणि मग लिहिते. जलद गणित करणारे मूल या फेऱ्यात मंद दिसू लागते. शिक्षकाला ते दिसतेच असे नाही, कारण त्याच्यासमोर इंग्रजी माध्यमातून आलेली मुलेही बसलेली असतात आणि ती हात वर करतात. शाब्दिक उदाहरणांत तर गणित येत नाही की वाक्य कळत नाही, हे सांगणे मुलालाही कठीण जाते. प्राथमिक शाळेत इंग्रजी हा विषय असतो, मग अडचण का यावी, असा प्रतिवाद केला जातो. विषय म्हणून भाषा शिकणे आणि त्या भाषेतून प्रकाशसंश्लेषण समजून घेणे यांत मोठे अंतर आहे.

हे अंतर पार करण्यासाठी काही शिक्षक स्वतःच्या जबाबदारीवर वर्गात कोकणी-मराठीचा आधार घेतात. गोव्यातील मधल्या शाळेचे वर्ग चालतात ते बहुधा या अनौपचारिक दुभाषेपणावर. संकल्पना कोकणीत समजावली जाते, व्याख्या इंग्रजीत लिहून दिली जाते. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण तिला कोणतीही अधिकृत मान्यता नाही, तिच्यासाठी प्रशिक्षण नाही, दोन्ही भाषांतील संज्ञांची छोटी पुस्तिकाही पाचवीच्या दप्तरात नसते. उलट अनेक शाळांच्या डायरीत शाळेच्या आवारात इंग्रजीतच बोलावे असा नियम छापलेला असतो.

या डायरीतील नियमांविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. गणवेश, बूट, दोन वेण्या आणि रिबिनी, उशीर झाल्यास पालकांची सही, मोबाईलवर बंदी, शाळेत वाढदिवसाची चॉकलेटे वाटू नयेत, इथपर्यंत बहुतेक नियम समजण्यासारखे आहेत. पाचशे मुलांची शाळा चालवायची तर काही शिस्त लागतेच आणि तिच्याविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही. पण ही डायरी एकाच बाजूने लिहिलेली असते. मुलाने काय करावे आणि काय करू नये हे तिच्यात असते; मुलाला काय मिळाले पाहिजे हे नसते. वास्तविक कायद्याने त्याला बरेच काही दिले आहे. गोवा बाल कायदा २००३ चा. त्याने शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली, ती शिक्षण हक्क कायद्याच्या सहा वर्षे आधी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. चुकीचे इंग्रजी बोलल्याबद्दल वर्गासमोर केलेली टिंगल या दुसऱ्या शब्दांत बसते की नाही, याचा विचार प्रत्येक शिक्षकखोलीत व्हायला हवा. छडी बरीचशी गेली आहे. टोमणा मात्र अजून वर्गात आहे, आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना तो अधिक लागतो.

दप्तराचे तसेच. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये आणि सहावी ते आठवीसाठी गृहपाठ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा. सकाळी बसथांब्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही सातवीच्या मुलाचे दप्तर उचलून पाहावे. गृहपाठाचा हिशेब तर कोणी ठेवतच नाही, कारण प्रत्येक विषयशिक्षक आपापला अर्धा तास देतो आणि सहा अर्ध्या तासांची बेरीज मूल करते. प्राथमिकमध्ये एकच शिक्षिका असल्यामुळे हे आपोआप आवरले जात असे. विषयवार अध्यापनाची ही किंमत आहे. सहा शिक्षकांनी आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एकत्र बसून ती कमी करता येईल.

मध्यान्ह आहाराचा विषय आपल्याकडे केवळ विषबाधेची बातमी आली की चर्चेत येतो. नियमानुसार उच्च प्राथमिक वर्गांतील मुलाला दर दिवशी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. गोव्यात हा आहार पुरवणाऱ्या महिला स्वयंसाहाय्य गटांची तक्रार दराविषयीची आणि थकलेल्या देयकांविषयीची असते. भाजी-पाव मुलांना आवडतो हे खरे. पण पातळ भाजी आणि दोन पाव यांत वीस ग्रॅम प्रथिने कशी बसवायची, याचे उत्तर गटांकडे मागण्याआधी दर ठरवणाऱ्यांकडे मागितले पाहिजे.

धोरणाच्या मधल्या टप्प्यातील सर्वांत आकर्षक कल्पना म्हणजे सहावी ते आठवीच्या काळातील दहा दप्तरमुक्त दिवस. या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम पाहावे आणि करून पाहावे. गोव्यासारख्या राज्यात यासाठी साधने शोधण्याची गरजच नाही. डिचोलीचे कुंभार आहेत, पहाटे भट्टी पेटवणारे पोदेर आहेत, होड्या दुरुस्त करणारे सुतार आहेत, सत्तरी-फोंड्याची कुळागरे आहेत. दुसरीकडे राज्याने सहावी ते आठवीसाठी कोडिंग व रोबोटिक्सची योजनाही राबवली आहे. तिचे स्वागतच करावे. पण संगणक आले म्हणून चित्रकला आणि शारीरिक शिक्षणाची रिकामी जागा भरत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ शिक्षकांची तरतूद आहे, ती पट शंभराहून अधिक असेल तर. अंतर्गत भागातील ज्या सरकारी मिडल स्कूलचा पट शंभराच्या आत आहे, तिथल्या मुलाला हा निकषच वगळतो. निकष देशासाठी केलेला आहे, आणि किमान आहे. छोट्या राज्याने त्याला कमाल समजण्याचे कारण नाही.

या टप्प्याच्या शेवटी आठवी उभी आहे. शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नियमित परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याचा मार्ग राज्यांसाठी मोकळा केला. अनुत्तीर्ण मुलाला अधिकचे मार्गदर्शन द्यावे, निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यावी आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढू नये, अशा अटी तिच्यात आहेत. शिक्षकांमध्ये या दुरुस्तीचे बऱ्यापैकी स्वागत झाले. मुले अभ्यासच करीत नाहीत, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. परंतु परीक्षा नेमकी पाचवीत यावी आणि त्याच वर्षी माध्यमही बदलावे, हा योगायोग मराठी शाळेतून आलेल्या मुलासाठी दुहेरी शिक्षा ठरतो. त्याची परीक्षा गणिताची होते की नव्या भाषेची, हे उत्तरपत्रिकेवरून ओळखता येत नाही. अधिकचे मार्गदर्शनही इंग्रजीतच मिळणार असेल, तर दोन महिन्यांत फरक पडण्याची शक्यता कमीच.

मग पाचवी प्राथमिक शाळेला जोडावी का? तत्त्वतः होय. व्यवहारात दोन अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. जिथे एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो, तिथे पाचवा वर्ग देणे म्हणजे त्या शिक्षकावर आणि मुलांवरही अन्याय. आणि अनुदानित विद्यालयांच्या तुकड्या व शिक्षकांची पदे पटावर अवलंबून असल्यामुळे पाचवी गेली तर व्यवस्थापने विरोध करणारच. म्हणून सुरुवात पट बरा असलेल्या आणि किमान दोन शिक्षक असलेल्या शाळांपासून करता येईल. बाकीच्या ठिकाणी पाचवी आहे तिथेच राहू द्यावी, पण तिचे पहिले सत्र, म्हणजे जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचा काळ, दोन भाषांतून शिकवण्यास अधिकृत परवानगी द्यावी. गणित व परिसर अभ्यासाच्या संज्ञांची मराठी-कोकणी-इंग्रजी पुस्तिका छापण्याचा खर्च रोबोटिक्सच्या एखाद्या प्रयोगशाळेपेक्षा अधिक येणार नाही. पाचवीची नियमित परीक्षा मुलाने चार वर्षे वापरलेल्या भाषेत देण्याचा पर्याय ठेवण्यासाठी तर छपाईव्यतिरिक्त खर्चही नाही. प्रवेशाचे अर्ज भरताना पालकांच्या हाती हे तीन निर्णय असतील, तर चौथीनंतर इंग्रजीत मागे पडेल या धास्तीने पहिलीलाच मराठी शाळा टाळणाऱ्या घरांना फेरविचार करण्यास निदान एक कारण मिळेल.