यंत्राआड लपलेला अधिकारी

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील बौद्ध बंधु-भगिनींनो,

आपल्या आज्या-पणज्यांच्या माथी गावकीची जी कामे मारली होती, त्यांत सरकारी टपाल एका गावाहून दुसऱ्या गावी पोचविणे हे एक होते. ऊन असो, पाऊस असो, कागद पोचलाच पाहिजे. परंतु त्या कागदात काय लिहिले आहे हे वाचण्याची विद्या मात्र त्यांस मिळू दिली नव्हती. आज सरकारचा कागद तुमच्या हातातील मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशन, सातबारा, सारे काही त्यात आहे. आमचा प्रश्न एवढाच की, तो कागद तुम्ही वाचता, की अजूनही नुसता वाहता?

सरकारी कारभार संगणकावर आला हे वाईट झाले, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. महाडीबीटीमार्फत शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या खात्यात थेट जमा होऊ लागली. अर्जास क्रमांक पडतो, तारीख पडते. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या कचेरीच्या पायरीखाली उभे राहिले, त्यांना या गोष्टींचे मोल कोणी सांगावयास नको.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पूर्वी ‘उद्या या’ म्हणणारा कारकून निदान समोर दिसत असे. त्यास जाब विचारता येई. आज ‘सर्व्हर बंद आहे’, ‘पोर्टलने अर्ज परत पाठविला’ असे उत्तर मिळते. किनवटच्या किंवा जळकोटच्या खेड्यातून रोज बुडवून आलेला मजूर ते ऐकून मुकाट्याने परततो. नकार मिळाला, पण दिला कोणी? सही कोणाची? कारण कोणते? ज्या नकाराखाली माणसाचे नाव नाही, तो नकार सर्वांत बेजबाबदार होय.

यावर सुशिक्षित मंडळी म्हणतात, ‘यंत्राला जात नसते.’ नसेल. पण यंत्र जे कागद मागते, ते जातिव्यवस्थेच्या राज्यात लिहिलेले आहेत! अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. दप्तरे उर्दूत आणि मोडीत. ज्या आजोबांना शाळेचे दारच बंद होते, त्यांच्या नातवाने त्यांचा शाळेतील दाखला कोठून आणावा? कोतवाल बुकात नाव एका तऱ्हेने, शाळेत दुसऱ्या तऱ्हेने, आधारवर तिसऱ्या तऱ्हेने. यंत्र एका वेलांटीवर अडून बसते आणि मुलाचे वर्ष जाते.

जुनी दप्तरे उघडत नाहीत, असे मात्र कोणी सांगू नये. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने याच मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे धुंडाळली. उर्दू व मोडी नोंदींचे भाषांतर करून त्या संगणकावर आणण्याचा निर्णय शासनाने घेतला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आम्ही एवढेच विचारतो की, तेच दप्तर तोच दिवा लावून आमच्या आजोबांच्या नावासाठी का शोधले जाऊ नये?

नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांना आणखी एक भीती घातली जाते: धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले तर सवलत बुडेल. ही भीती निराधार आहे. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांना घटनात्मक सवलतींचा पूर्ण हक्क मिळाला आहे. अर्ज भरणाऱ्याच्या अज्ञानापायी आपला धर्म लपवू नका.

यंत्र चुकत नाही, हीही एक नवी अंधश्रद्धाच होय. इंग्लंडात टपाल खात्याच्या हिशेबयंत्रणेने 1999 पासून पुढे खोट्या तुटी दाखविल्या, आणि शेकडो निरपराध पोस्टचालक चोर ठरले. त्यांच्या शिक्षा रद्द करण्यास 2024 मध्ये पार्लमेंटला कायदा करावा लागला. मग कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा ठसा उमटला नाही, तर दोष बोटाचा, की यंत्राचा? 2018 च्या आधार निकालाचा आशय स्पष्ट आहे: पडताळणी फसली एवढ्यावरून पात्र माणसाचा लाभ नाकारता येत नाही. ओळख अन्य मार्गाने पटवून घेतली पाहिजे.

तेव्हा करावे काय? हात जोडू नयेत, कायदा हाती घ्यावयास शिकावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे प्रत्येक अधिसूचित सेवेस मुदत आहे आणि त्यासाठी एक पदनिर्देशित अधिकारी जबाबदार आहे. जबाबदार यंत्र नव्हे, माणूस! अर्जाची पोच द्यावीच लागते. नाकारल्यास कारण लेखी द्यावे लागते. मुदत टळली किंवा नकार आला, तर 30 दिवसांत पहिले अपील, नंतर दुसरे, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. वाजवी कारणावाचून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. परंतु ज्याच्या हाती पोच नाही, त्याचे अपील नाही, हे ध्यानात ठेवा.

म्हणून चार गोष्टी पाळा. पोच घेतल्यावाचून केंद्राची पायरी उतरू नका. ओटीपी आणि पासवर्ड परक्याच्या हाती देऊन त्यास नवा कुळकर्णी बनवू नका. तोंडी नकार स्वीकारू नका. आणि प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ गावातील शिकलेल्या मुला-मुलींनी इतरांचे अर्ज व अपिले लिहून देण्यास बसावे. लातुरात आणि नांदेडात शिकून पुढे गेलेल्यांनी गावाचे हे ऋण फेडू नये काय?

सरकार यंत्राच्या भिंगातून आपले बोट, डोळा, खाते, रेशन, सारे पाहते. त्याच भिंगातून आपणही सरकारकडे पाहिले पाहिजे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातील कलम 4 सांगते की, मागण्याची वाट न पाहता सरकारने माहिती आपण होऊन उघड करावी. राजस्थानात 2019 पासून जनसूचना पोर्टलवर कोणीही रेशनचा आणि रोजगार हमीचा हिशेब पाहू शकतो. मराठवाड्यातील प्रत्येक गावाने तशीच मागणी करावी.

आज्याने कागद वाहिला, कारण त्याला वाचू दिले नाही. नातवाला वाचता येत असूनही तो नुसता वाहील, तर दोष कोणाचा?

जय भीम!