जमा कोणाच्या, नावे कोणाच्या?

१९९१ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या एका न्यायालयात २० वर्षांच्या एका रशियन तरुणाच्या सुटकेची किंमत ठरली. पावेल बुरे हा बर्फावरील हॉकीचा खेळाडू मॉस्कोच्या लष्करी क्लबशी करारबद्ध होता आणि कॅनडातील व्हँकूव्हरचा संघ त्याला आपल्याकडे नेऊ पाहत होता. २ लाख ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली. त्यांपैकी २ लाख व्हँकूव्हरच्या संघाने द्यावयाचे ठरले. उरलेले ५० हजार स्वतः बुरेने आपल्या अंगावर घेतले. मुदतीपूर्वी करार सोडवून घेण्याच्या व्यवहारात पैसा कोण देतो, तो कोणाच्या हाती पडतो आणि अखेर कोणाच्या नावे लिहिला जातो, हे तीन प्रश्न नेहमी एकात एक गुंतलेले असतात. या तडजोडीत ते एकाच वेळी उघडे पडले.

मॉस्कोच्या क्लबाचा दावा पोकळ होता असे म्हणता येणार नाही. खेळाडू आकाशातून पडत नाही. बर्फाचे मैदान, प्रशिक्षक, प्रवास, आहार यांवर वर्षानुवर्षे कोणीतरी खर्च केलेला असतो. तयार झालेले पीक शेजाऱ्याने कापून न्यावे आणि नांगरणाऱ्याला काहीच मिळू नये, हे न्यायाला धरून नाही. परंतु या दाव्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, घडविण्याचा खर्च. दुसरी, कराराचा उरलेला काळ, म्हणजेच माणसाला अडवून धरण्याची शक्ती. पहिल्या गोष्टीची भरपाई मागता येते. दुसरीची किंमत मागितली जाते तेव्हा विक्रीस निघालेली वस्तू माणूसच असते. शिवाय सोव्हिएत काळाच्या अखेरीस हा पैसा खेळाडू घडविणाऱ्या शिक्षकांपर्यंत पोचण्याऐवजी सोव्हइंटरस्पोर्ट या सरकारी व्यापारी संस्थेकडेच प्रामुख्याने वळत असे. इगोर लॅरिओनोव्ह या नामांकित खेळाडूने १९९२ साली अमेरिकी लीग सोडून स्वित्झर्लंडची वाट धरली, ती आपल्या कमाईतून या संस्थेची भर होऊ नये म्हणूनच.

पुढे उत्तर अमेरिकेची राष्ट्रीय हॉकी लीग आणि आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी ठराविक दराची पद्धत स्वीकारली. २००५ च्या करारान्वये प्रत्येक खेळाडूमागे सुमारे २ लाख डॉलर द्यावयाचे होते. सामान्य खेळाडूला हा दर पुरेसा, असामान्याला तुटपुंजा. म्हणून रशियाने सही केली नाही. परिणाम काय झाला? ऑगस्ट २००६ मध्ये येवगेनी माल्किन हेलसिंकीच्या विमानतळावरून आपल्या संघाला चुकवून निघून गेला आणि पिट्सबर्गच्या संघात दाखल झाला. दोन आठवड्यांची सूचना देऊन नोकरी सोडण्याची मुभा रशियाचा कामगार कायदाच देत होता. मॅग्निटोगोर्स्कच्या क्लबाने न्यूयॉर्कच्या न्यायालयात मनाई हुकूम मागितला, तो मिळाला नाही. जास्त मागणाऱ्याच्या हाती काहीच उरले नाही. त्यानंतर उभयपक्षी करारांचा मान राखण्याचा समझोता झाला. पण त्याचा अर्थ इतकाच, की मुदत संपेपर्यंत खेळाडूने थांबावे. किरिल काप्रिझोव्हची निवड मिनेसोटाच्या संघाने २०१५ साली केली होती. तो तेथे पोचला २०२० साली.

फुटबॉलने हा गुंता थोड्या शहाणपणाने सोडविला. १९९५ च्या डिसेंबरात युरोपीय न्यायालयाने बॉसमन खटल्यात निर्णय दिला, की करार संपल्यावर खेळाडूला अडविण्याचा आणि त्याच्यासाठी रक्कम मागण्याचा हक्क क्लबाला नाही. लहान क्लब आता बुडणार, अशी ओरड झाली. तेव्हा २००१ च्या नियमांत फुटबॉल महासंघाने घडविण्याचा खर्च वेगळा काढला. करार चालू असताना खेळाडूची बदली झाली तर बदलीच्या रकमेतील ५ टक्के भाग, त्याला १२ ते २३ या वयात ज्यांनी ज्यांनी शिकविले त्या सर्व क्लबांत वर्षांच्या प्रमाणात वाटला जातो. माणूस अडविला जात नाही आणि नांगरणाराही विसरला जात नाही.

भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, काय चालते? आयपीएलमध्ये खेळण्यास मोकळीक देणाऱ्या परदेशी क्रिकेट मंडळांना त्यांच्या खेळाडूंच्या मानधनाच्या प्रमाणात रक्कम दिली जाते. म्हणजे तत्त्व मान्य आहे. फक्त ते देशाच्या सीमेबाहेर पाळले जाते. २०२५ च्या एप्रिलमध्ये यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे ना-हरकत प्रमाणपत्र मागितले. ते मंजूर झाले आणि पुढच्याच महिन्यात त्याने आपला विचार बदलला. या सगळ्यात प्रश्न फक्त एका कागदाचा होता. ज्या आझाद मैदानावर तो मुलगा घडला, तेथील क्लबांचा हिशेब कोणाच्या ध्यानातही आला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातच्या संघाकडून मुंबईकडे आला, तेव्हा संघासंघांत किती रक्कम फिरली हेही जाहीर झाले नाही. जेथे पैसा आहे तेथे हिशेब झाकलेला आणि जेथे हिशेब हवा तेथे पैसाच नाही, अशी ही स्थिती आहे.

कबड्डीचे उदाहरण अधिक जवळचे. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील आगरी गावांत कबड्डीचे मंडळ नाही असे गाव विरळा. मैदान तयार करणे, दिव्यांची सोय, मुलांना स्पर्धांना नेण्यासाठी टेम्पोचे भाडे, हे सारे वर्गणीतून चालते. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख रुपयांवर बोली गेली. या रकमेच्या ५ टक्के म्हणजे १३ लाख. एखाद्या ग्रामीण मंडळाचा कितीतरी वर्षांचा खर्च त्यात निघेल. परंतु मंडळाच्या वाट्याला येतो तो सत्काराचा हार, आणि तोही मंडळानेच विकत आणलेला असतो.

मैदानाबाहेर हाच प्रश्न पगारदारांच्या ओळखीचा आहे. विजया बँकेने अधिकाऱ्यांच्या भरतीत अट घातली होती, की ३ वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरावे लागतील. एका अधिकाऱ्याने २००९ साली राजीनामा देताना ही रक्कम निषेध नोंदवून भरली. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरविली. सार्वजनिक बँकेला नव्याने भरती करण्यास खर्च आणि वेळ लागतो, हे कारण त्यात ग्राह्य धरले गेले. खर्चाची भरपाई म्हणून या निकालाचे समर्थन करता येते. मात्र बारकावा असा, की हॉकीत सुटकेची रक्कम मुख्यतः नवा मालक देतो, बँकेत ती नोकराने आपल्या खिशातून दिली. नवी बँक तयार अधिकारी फुकट मिळवून मोकळी झाली.

आणि सर्वांत खालच्या पायरीवर? वसईच्या मोहिमेतील गंगाजी नाईकांचे गाव म्हणून इतिहासाला ठाऊक असलेले भिवंडीजवळचे अंजूर आज गोदामांच्या रांगांमुळे ओळखले जाते. त्याच भिवंडी तालुक्यात वीटभट्ट्याही आहेत. पावसाळ्यात चूल थंडावली की कातकरी कुटुंब भट्टीमालकाकडून उचल घेते. दिवाळीनंतर सारे कुटुंब, मुलाबाळांसह, भट्टीवर जाते. आठवड्याला खर्ची मिळते आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. हिशेबात बाकी निघाली तर पुढचा हंगामही त्याच मालकाचा. दुसरा मालक मजुराला नेऊ इच्छीत असेल तर तो पहिल्याची बाकी चुकती करतो. वरवर पाहता हा व्यवहार हुबेहूब व्हँकूव्हर आणि मॉस्को यांच्यातलाच! भेद एवढाच, की नवा मालक ती रक्कम आपल्या वहीत मजुराच्या नावे लिहितो. सुटका झाली ती पहिल्या मालकाच्या पैशाची; मजूर फक्त एका वहीतून दुसऱ्या वहीत गेला.

कायद्याने हे केव्हाच निषिद्ध केले आहे. १९७६ च्या वेठबिगारमुक्ती कायद्याने असे कर्ज रद्द झाले. इतकेच नव्हे, रद्द झालेल्या कर्जापोटी पैसे स्वीकारणे हाच गुन्हा ठरला आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. म्हणजे वेठीच्या मजुराला सोडताना जो मालक दुसऱ्याकडून बाकी वसूल करतो, तो गुन्हेगार आहे. श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांना ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांच्या सुटकेसाठी झगडावे लागले, ते कायदा नव्हता म्हणून नव्हे. भट्टीमालकाने मजुराला घडविण्यासाठी दमडीही खर्च केलेली नसते. त्याचा दावा निखळ अडवणुकीचा असतो, आणि म्हणून त्याला भरपाईचा कसलाही आधार उरत नाही.

खेळाच्या क्षेत्रात मात्र भरपाईला जागा आहे. पण तिचा भार कोठे पडतो हे पाहावे लागेल. संघावर बसविलेला आकार संघच सोशील असे समजणे भाबडेपणाचे आहे. कापडावरील कर जसा गिऱ्हाइकापर्यंत पोचतो, तसाच हा आकार काही अंशी खेळाडूच्या बोलीतून कापला जाईल. म्हणून तो लहान असावा, टक्केवारीने ठरावा, आणि तो न भरल्यास खेळाडूला अडविण्याचा अधिकार कोणालाही नसावा. वसुली संघाकडून, लीगमार्फत व्हावी. नावाजलेल्या खेळाडूंना ५ टक्क्यांचा चिमटा जाणवणार नाही. नवख्यांना तो जाणवू शकतो, तेव्हा एका मर्यादेखालील बोलींना सूट देणे श्रेयस्कर ठरेल.

खरी अडचण पैशाची नसून नोंदीची आहे. १२ व्या वर्षापासून कोणता मुलगा कोणत्या मंडळात खेळला याची विश्वसनीय नोंद नसेल, तर आज तशी रक्कम बाजूला काढली तरी ती वाटणार कशी? मोठे नाव झाल्यावर त्यावर हक्क सांगणारी मंडळे ढिगाने उगवतील. जिल्हा संघटनांनी दरवर्षी मंडळवार खेळाडूंची यादी तयार करावी, ती गावच्या शाळेच्या पटाशी ताडून पाहावी आणि सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी. या कामाला एक कारकून आणि काही वह्या पुरेशा आहेत.