वडिलांचे घर, मुलाची खरेदी

पुणे, ठाणे, नाशिक यांसारख्या शहरांतील जुन्या सहकारी गृहसंस्थांत एक व्यवहार अनेकदा घडतो आणि त्याची चर्चा बहुधा तो घडून गेल्यावरच होते. निवृत्त वडिलांच्या नावावरची सदनिका नोकरीतला मुलगा त्यांच्याकडूनच विकत घेतो; बाजारात ६० लाखांना जाणारी जागा ३० लाखांना. हेतू वाईट नसतो. वडिलांना गावाकडचे घर दुरुस्त करायचे असते, आजारपणासाठी हाताशी रक्कम हवी असते. त्या वयात बँक त्यांना कर्ज देत नाही, मुलाला देते. घर घरातच राहते आणि पैसाही उभा राहतो. मात्र ही सवलत नेमकी कोणाच्या पदरातून दिली गेली, याचा हिशोब कोणी मांडत नाही.

कायद्याच्या लेखी तर ही सवलत जवळजवळ अस्तित्वातच नसते. खरेदीखतातील किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार येणारे मूल्य, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते. तक्त्यातही घराचे मूल्य ६० लाखच असेल, तर शुल्क ६० लाखांवर. प्राप्तिकर खातेही वडिलांच्या हाती आलेल्या ३० लाखांवर समाधान मानत नाही. तक्त्यातील मूल्य किमतीहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक असले, की तेवढी रक्कम मिळालीच असे धरून भांडवली नफा मोजला जातो. मुलाला मात्र, नातलगाकडून मिळालेली मालमत्ता म्हणून, या फरकावर कर नाही. घेणारा सुटतो आणि देणारा अडकतो, असा हा विचित्र न्याय आहे.

बक्षीसपत्राचा मार्ग याहून कितीतरी स्वस्त आहे. महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये पडते. स्थानिक अधिभार असेल तेथे तो वेगळा. भांडवली नफ्यावरील करही त्या वेळी लागत नाही. तो माफ होत नाही, पुढे सरकतो. मुलाने उद्या घर विकले तर वडिलांची मूळ खरेदी धरून हिशोब होतो. असे असता अर्ध्या किमतीचे खरेदीखत का केले जाते? बक्षिसाच्या बदल्यात पैसा घेता येत नाही, हे एक कारण. दुसरे उघडपणे बोलले जात नाही. खरेदीखत झाले, की बहिणींना सांगता येते, ‘फुकट घेतले नाही, पैसे मोजले आहेत.’

प्रश्नाचे मूळ येथे आहे. घर स्वकष्टार्जित असेल, तर ते कोणालाही, कोणत्याही किमतीस देण्याचा वडिलांना अधिकार आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मिळालेला हक्क वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला. स्वकष्टार्जित घरावर वडिलांच्या हयातीत तिला दावा सांगता येत नाही. पण मृत्युपत्र न करता वडील गेले, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुली यांचे वाटे समान असतात. मागे आई, एक मुलगा व दोन मुली असतील तर ६० लाखांतले प्रत्येकी १५ लाख. म्हणजे सवलतीचे ३० लाख ही केवळ वडिलांची माया नव्हे. एकाच अपत्याला दिलेला तो आगाऊ वारसा आहे.

तो देणे अन्याय्यच असते, असेही नाही. आईवडिलांची आजारपणे काढणाऱ्या, त्यांच्यासोबत राहिलेल्या मुलाला अधिक मिळावे, असे वडिलांना वाटणे स्वाभाविक आहे. मग ते सर्व मुलांसमोर बोलून दाखवावे आणि लिहून ठेवावे. भाऊबीजेला माहेरी आलेल्या मुलीला ही गोष्ट जिन्यातल्या नामफलकावरून कळू नये. तशी ती कळली, की मायेचे घर न्यायालयात जाते. केवळ किंमत अपुरी म्हणून करार रद्द होत नाही, हे खरे. पण संमती खरोखर स्वेच्छेने दिली होती काय, हे ठरवताना १८७२ च्या करार कायद्यानुसार न्यायालय त्या अपुऱ्या किमतीचा विचार करू शकते. वडील वृद्ध, आजारी आणि मुलावर अवलंबून असतील, तर अशा वादाला पुरेसे इंधन मिळते.

याहून गंभीर प्रश्न आईवडिलांच्या निवाऱ्याचा आहे. सही झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते मुलाच्या घरात राहत असतात. ज्येष्ठांनी सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडली गेल्यास परत मिळवण्याची सोय २००७ च्या कायद्यात आहे. तथापि अट होती, हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने या तरतुदीचा उदार अर्थ लावून एका आईचे बक्षीसपत्र रद्द ठरवले. पण तेथे मरेपर्यंत सांभाळण्याचे वचन मुलाने लेखी दिलेले होते. पूर्ण मोबदला पोचल्याची पावती असलेल्या खरेदीखतात असे वचन सहसा नसते. दोघांपैकी जो मागे राहील त्याला तहहयात त्या घरात राहता येईल, एवढे एक कलम घालण्यास फारसा खर्च येत नाही. पण पोटच्या मुलाकडून असे लिहून घेणे वडिलांना कमीपणाचे वाटते आणि आईला तर कोणी विचारतच नाही. घर वडिलांच्या एकट्याच्या नावावर असले, तर त्या खतावर बहुधा तिची सहीसुद्धा नसते.