पर्वतांचीं पुस्तकें आणि मागें राहिलेलीं माणसें

आमचा धाकटा पुतण्या पुढील महिन्यांत उत्तरकाशीच्या गिर्यारोहण-संस्थेंत २८ दिवसांच्या शिक्षणक्रमासाठीं जाणार आहे. ही वार्ता घरांत फुटली त्या दिवशीं वहिनींनीं आम्हांस स्वयंपाकघराच्या दारांतच गांठलें. “भावजी, हें दुखणें तुमच्या कपाटांतलें आहे,” असें त्या म्हणाल्या. आरोप खोटा नव्हता. सह्याद्रींतले किल्ले हिंडणाऱ्या त्या मुलाला पर्वतारोहणाच्या पुस्तकांची गोडी आम्हींच लाविली. तेव्हां या वेळीं आम्ही तींच पुस्तकें पुन्हा काढून बसलों, आणि शक्य तितकीं वहिनींच्या दृष्टीनें वाचून पाहिलीं.

पहिलें पुस्तक एडवर्ड व्हिंपर यांचें, १८७१ सालचें. लांकडावर चित्रें कोरणारा हा इंग्रज तरुण १८६० सालीं एका प्रकाशकासाठीं आल्प्स पर्वताचीं रेखाटनें करावयास गेला आणि मॅटरहॉर्न शिखराच्या नादीं लागला. अनेक वेळां हार खाऊन १४ जुलै १८६५ रोजीं तो सहा सोबत्यांसह माथ्यावर पोंचला. उतरतांना हॅडो नांवाच्या १९ वर्षांच्या मुलाचा पाय घसरला. त्याच्याबरोबर तिघे ओढले गेले, दोर तुटला, आणि सातांतले तिघेच परत आले. तुटलेला तो दोर झरमॅट गांवच्या संग्रहालयांत ठेविलेला आहे. नवल असें कीं, हें सारें वाचून लोक भिऊन मागें सरले नाहींत. उलट कित्येकांनीं हेंच पुस्तक वाचून आल्प्सची वाट धरली. विषाच्या कुपीवरची चिठ्ठी वाचून तहान लागावी, तसा हा प्रकार.

असें कां व्हावें, याचा शोध रॉबर्ट मॅकफर्लेन यांनीं २००३ सालच्या ‘माउंटन्स ऑफ द माइंड’ या ग्रंथांत घेतला आहे. तीन शतकांपूर्वीं युरोपांत डोंगर म्हणजे पृथ्वीच्या अंगावरील कुरूप गांठी, वाटसरूंस निव्वळ अडथळा, असें सुशिक्षितही मानीत. पुढें भूगर्भशास्त्र, चित्रकला व काव्य यांनीं दृष्टि पालटली, आणि भयांतही सुख वाटूं लागलें. माणूस ज्यासाठीं प्राण देतो तो पर्वत निम्मा तरी त्याच्या मनांत रचलेला असतो, असें त्यांचें प्रतिपादन आहे. आम्हांस तें पटतें. आमच्याकडे हिमालय म्हणजे पार्वतीचें माहेर. तेथें जावयाचें तें संसार उरकून. पांडवसुद्धां परीक्षिताला गादीवर बसवून मगच त्या वाटेस लागले, आणि द्रौपदी त्यांच्याबरोबर होती. या पुस्तकांतलीं माणसें मात्र निघतात तीं ऐन उमेदींत, लहान मुलांना घरीं ठेवून.

जॉर्ज मॅलरी यांची गोष्ट पुतण्याला तोंडपाठ आहे. १९२१, १९२२ आणि १९२४ अशा तीन मोहिमा. ८ जून १९२४ रोजीं २२ वर्षांच्या आयर्विनसह एव्हरेस्टच्या माथ्याकडे जातांना ढगांत दिसेनासे होणें. आणि १ मे १९९९ रोजीं, ७५ वर्षांनीं, प्रेत सांपडणें. ते माथ्यावर पोंचले होते कीं नाहीं, यावर पुस्तकांमागून पुस्तकें निघालीं आहेत. या खेपेस आम्हांस तो प्रश्न फारसा महत्त्वाचा वाटला नाहीं. मॅलरींचा पत्नीशीं, रूथबाईंशीं, झालेला पत्रव्यवहार केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजांत जपून ठेविला आहे, व २०२४ सालीं तो सर्वांस वाचावयास खुला झाला. अखेरच्या पत्रांत, २७ मे १९२४ रोजीं, यशाचा संभव पन्नासास एक असल्याचें मॅलरी स्वच्छ लिहितात. रूथबाईंचें त्या मोहिमांच्या काळांतलें मात्र एकच पत्र उरलें आहे, मार्च १९२४ चें. त्यांत ही तीन मुलांची आई क्षमा मागते. आपण पुष्कळदां रागावलों, नीट वागलों नाहीं. पण त्याच्या बुडाशीं बहुधा इतकेंच होतें कीं, तुमचा सहवास फार थोडा लाभतो, असा त्या मजकुराचा आशय आहे. आम्हीं तो वहिनींना मराठींत सांगितला. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग “तिनें कशाला माफी मागायची?” एवढेंच म्हणाल्या. मॅलरींवरील साऱ्या लिखाणांत याहून नेमकी टीका आमच्या पाहण्यांत नाहीं.

१९२२ च्या मोहिमेंत हिमकडा कोसळून सात हमाल गाडले गेले. मॅलरींनीं तो दोष स्वतःकडे घेतला, हें त्यांस शोभलें. त्या सातांच्या घरीं पुढें काय झालें, तें मात्र आम्हांस या पुस्तकांत शोधूनही सांपडलें नाहीं.

घरच्या माणसांस विचारण्याचें काम मारिया कॉफी या बाईंनीं केलें. त्यांचे सहचर जो टास्कर हे १९८२ सालीं मे महिन्यांत पीटर बोर्डमन यांच्यासह एव्हरेस्टच्या ईशान्य धारेवर नाहींसे झाले. पुढें गिर्यारोहकांच्या विधवा, मुलें, आईबाप यांच्याशीं बोलून त्यांनीं ‘व्हेअर द माउंटन कास्ट्स इट्स शॅडो’ हें पुस्तक २००३ सालीं प्रसिद्ध केलें. लेखनाच्या डौलांत तें व्हिंपरच्या तोडीचें नाहीं. परंतु गेलेल्यांस दोष देऊन बाई मोकळ्या होत नाहींत, हा त्याचा मोठा गुण. अशा पुरुषाची ओढ कां वाटते, हें त्या स्वानुभवानें जाणतात.

बायकांच्या वांट्यास या विषयांत निराळाच न्याय येतो, हेंही सांगितलें पाहिजे. ॲलिसन हारग्रीव्ह्ज १९९५ च्या मे महिन्यांत कृत्रिम प्राणवायूवांचून एव्हरेस्ट चढून आल्या, आणि १३ ऑगस्ट रोजीं के-टू शिखरावरून उतरतांना वादळांत मरण पावल्या. घरीं ६ वर्षांचा मुलगा व ४ वर्षांची मुलगी होती. विलायतेंतील वृत्तपत्रांनीं ‘ही आई कसली?’ अशी झोड उठविली. मॅलरींस ‘हा बाप कसला?’ असें कोणी विचारल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. ॲलिसनबाईंचा तो मुलगा, टॉम, २०१९ सालीं नंगा पर्बतावर मरण पावला.

तेनझिंग नोर्गे यांचे चिरंजीव जामलिंग यांचें २००१ सालचें पुस्तक आम्हीं वहिनींसाठीं शेवटीं राखून ठेविलें होतें. मुलांना डोंगर चढावा लागूं नये म्हणून आपण चढलों, असें तेनझिंग म्हणत. मुलानें एव्हरेस्टची इच्छा बोलून दाखविली तेव्हां त्यांनीं साथ दिली नाहीं. ते १९८६ सालीं वारले. दहा वर्षांनीं जामलिंग निघाले. निघण्यापूर्वीं एका लामांकडे कौल पाहिला, तो प्रतिकूल आला. १० मे १९९६ च्या वादळांत त्या पर्वतावर आठ माणसें गेलीं, हें त्यांनीं जवळून पाहिलें. तरी २३ मे रोजीं ते माथ्यावर पोंचले.

“कौल वाईट आला तरी गेलाच ना?” असें म्हणून वहिनी उठल्या, आणि पुतण्याची लोकरीची बंडी ट्रंकेंतून काढून उन्हांत टाकली.