सोळा बोअरची दुनळी आणि रिकामे काडतूस

शेतकऱ्याच्या घरी बंदूक आहे. बंदुकीला परवाना आहे. परवान्यावर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा शिक्का आहे. नाही ते केवळ काडतूस! आणि काडतूस नसलेली बंदूक म्हणजे खंडेनवमीला हळदकुंकू वाहावे, धूप दाखवावा आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवावी अशी वस्तू. शस्त्रपूजन ही आपली परंपरा आहे यात शंका नाही. परंतु शस्त्र पूजेपुरतेच उरावे, अशी परंपरा आपली कधीच नव्हती.

प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, कन्हान नदीच्या काठी मौदा आहे. बाहेरच्या जगाला हे नाव ठाऊक आहे ते तेथील औष्णिक वीज केंद्रामुळे. तालुक्याचे खरे जीवन मात्र धानावर आणि मिरचीवर चालते. धान लोंबीला आले की रानडुकरांचे कळप रात्री बांधीत उतरतात. खातात त्याहून अधिक तुडवतात, उकरतात. एका रात्रीत चार महिन्यांचे कष्ट चिखलात जातात, हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढील मजकुराचे महत्त्व सांगावे लागणार नाही. ज्याने पाहिलेले नाही, त्याने कार्तिकात एक रात्र मचाणावर काढावी.

विदर्भातील जुन्या मालगुजारी घरांत बारा बोअरच्या जोडीला सोळा बोअरच्या दुनळ्याही होत्या. कोणी विलायती, कोणी बेल्जियन बनावटीची. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, वाडे पडले, जमिनी वाटल्या गेल्या. बंदुका मात्र वारसाहक्काने आजोबांकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे आल्या. दर नूतनीकरणाला शुल्क भरले जाते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा होते आणि निकाल लागल्यावर परत येते. सगळे विधी यथासांग! परंतु दुकानदाराकडे सोळा बोअरचे काडतूस मागावे, तर तो मान हलवतो आणि बारा बोअरची पेटी पुढे करतो.

आता ‘बोअर’ म्हणजे काय, ते थोडे समजून घेतले पाहिजे. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, शिसे घेऊन त्याच्या समान आकाराच्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. सोळा गोळ्या केल्या तर सोळा बोअर. म्हणजे आकडा वाढेल तशी नळी अरुंद होते. बाराची नळी सुमारे १८.५ मिलिमीटर, सोळाची १६.८, विसाची १५.६. फरक पावणेदोन मिलिमीटरचा. पण बाराचे काडतूस सोळात शिरत नाही ते नाहीच. उलट प्रकार अधिक भयंकर. विसाचे काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकते. विसरभोळा माणूस मागून बाराचे काडतूस भरतो आणि चाप ओढताच नळी फाटते. म्हणूनच जगभर विसाची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात पडला. तात्पर्य, ‘जे मिळेल ते वापरा’ हा सरकारी शहाणपणा येथे चालत नाही.

सोळा बोअर हे कमअस्सल माप मुळीच नाही. त्याच्या नळीत बसणारी गोळी बरोबर एक औंसाची, आपल्या जुन्या हिशेबाने सुमारे अडीच तोळ्यांची, आणि एक औंस छर्रे हाच त्याचा नेहमीचा भार. बंदूक हलकी, धक्का सौम्य, मार नेटका. युरोपात हे माप शिकाऱ्यांचे लाडके होते. पण नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांनी बारा बोअर उचलून धरले, कारखान्यांनी त्याच्याच राशी ओतल्या आणि सोळाचा बाजार आटत गेला. अमेरिकेत आणि युरोपात अशा मापाच्या बंदुकीचा मालक घरीच काडतूस भरतो. जुने खोके तपासतो, वापरलेली टोपी काढून नवी बसवतो, तराजूवर दारू तोलतो, मध्ये चकती बसवतो, वर छर्रे ओततो आणि तोंड मिटतो. यासाठीची यंत्रे तेथे उघड विकली जातात, मापांचे तक्ते छापील मिळतात. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडील शिकारी घरांतही विलायती रिकामी खोकी आणि टोप्या आणून काडतुसे भरली जात.

आज हेच काम मौद्यातील एखाद्या शेतकऱ्याने परवान्याविना केले तर? १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार दारूगोळ्याचे ‘उत्पादन’ करण्यास स्वतंत्र परवाना लागतो, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग व ते बनविण्याची यंत्रेही येतात. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना उत्पादनाची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी केली. गावठी कट्टे बनवून टोळ्यांना विकणाऱ्या कारखानदारासाठी ही शिक्षा योग्यच आहे; अधिक असती तरी आमची हरकत नव्हती. परंतु स्वतःच्या परवानाधारक बंदुकीसाठी, स्वतःच्या धानाच्या राखणीसाठी चार काडतुसे भरणारा शेतकरी त्याच कलमाखाली उभा राहावा, हा कोणता न्याय?

येथे कायद्यातील एक मौज पाहण्याजोगी आहे. याच अधिनियमाचे कलम १३, पोटकलम ३ पीकसंरक्षणाचा स्पष्ट उल्लेख करते. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मागितल्यास ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ठासणीची बंदूक अपुरी पडेल अशी खात्री पटल्यास वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी, असे तेथे म्हटले आहे. ठासणीची बंदूक म्हणजे काय? सुटी दारू हाताने मोजायची, नळीच्या तोंडातून ओतायची, वर चिंधी ठासायची, छर्रे सोडायचे, पुन्हा ठासायचे, बाहेर टोपी चढवायची. म्हणजे रात्रीच्या काळोखात, कळप समोर असताना, थरथरत्या हाताने सुटी दारू भरण्यावर कायदा विश्वास ठेवतो. पण दिवसाउजेडी, ओसरीत बसून, तराजूवर तोलून तीच दारू खोक्यात भरणे हा मात्र सात वर्षांचा गुन्हा! पहिल्याला ‘भरणे’ म्हणायचे आणि दुसऱ्याला ‘उत्पादन’. शब्दच्छलाचा याहून सुंदर नमुना न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही सापडणार नाही.

हे वळण कोठून आले, हेही विसरता कामा नये. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्र कायदा आला. युरोपियनांना त्यातून सूट होती. परवान्यासाठी हात जोडायचे ते येथल्या माणसाने. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला होता, आणि पुढे गांधीजींनीही या निःशस्त्रीकरणाचा कडक शब्दांत निषेध केला. अहिंसेच्या पुजाऱ्यालाही जे खटकले, ते स्वतंत्र भारताच्या सचिवालयांना खटकले नाही. १९५९ मध्ये कायदा नवा झाला, त्यात शेतकऱ्यासाठी एक चांगले कलमही आले. पण फायलीवर शेरा मारणाऱ्याची नजर १८७८ चीच राहिली. परवानाधारक हा जबाबदार नागरिक नव्हे, तर उद्याचा आरोपी, असे त्या नजरेला दिसते.

काही सज्जन विचारतील, डुकराला मारायचेच कशासाठी? ही मंडळी बहुधा धान पोत्यात पाहतात, बांधीत नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चे कलम ११ उभ्या पिकांचे नुकसान करणाऱ्या प्राण्याच्या शिकारीस परवानगी देण्याची तरतूद करते. ‘उभी पिके’ हा उल्लेख कायद्यातच आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर व रोही यांच्या बाबतीत परवानगीची पद्धत सोपी केली. २०१६ मध्ये याच विषयावरून केंद्रातील दोन मंत्री, श्रीमती मनेका गांधी आणि श्री. प्रकाश जावडेकर, जाहीरपणे समोरासमोर आले होते. त्या वादात शेतकऱ्याचे म्हणणे किती जणांनी विचारले? परवानगीचा कागद हाती आला तरी बंदुकीत घालायला काडतूस नसेल, तर तो कागद डुकराला वाचून दाखवायचा काय?

आणि या पोकळीत काय शिरते, ते नीट पाहा. कायदेशीर बंदूक मुकी झाली की बांधावर वीजप्रवाह सोडलेली तार येते. तार डुक्कर आणि माणूस यांत भेद करीत नाही. पहाटे पाणी पाहायला निघालेला शेजारी, चरायला सुटलेली गाय, कधी तार लावणारा स्वतःच, जो पाय ठेवील तो तिचा. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातील ‘जय’ या विख्यात वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात अशाच तारेला चिकटून मेला. ‘जय’साठी गळा काढणाऱ्यांनी त्याच्या पोराच्या मृत्यूचे मूळ कोठे आहे याचाही विचार करावा. तारेच्या जोडीला गावठी बॉम्ब आहे. खाद्यात स्फोटक गुंडाळून ठेवायचे. डुकराऐवजी गाईने तोंड घातले तर तिचा जबडा फाटतो आणि ती दिवसेंदिवस तडफडून मरते. मे २०२० मध्ये केरळात स्फोटकाने गर्भवती हत्तीण मेली तेव्हा देश हळहळला. गोमातेच्या फाटलेल्या जबड्याची बातमी मात्र तालुक्याच्या सीमेपलीकडे जात नाही. मचाणावरून, जवळच्या अंतरावर, परवानगी घेऊन झाडलेला छर्ऱ्यांचा एक बार या सर्वांहून अधिक मानवी आहे. गुळगुळीत नळीचे छर्रे रायफलीच्या गोळीसारखे कोसभर जात नाहीत. वस्तीजवळच्या शेतीसाठी म्हणूनच तीच बंदूक योग्य.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण ‘मग भरा घरीच’ असा अर्थ कोणी काढू नये. चोरून काडतूस भरणे हा केवळ गुन्हा नाही, तो आत्मघात आहे. काळ्या दारूचे माप आणि धूरविरहित दारूचे माप यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आजोबांच्या मापट्याने नव्या प्रकारची दारू भरली, तर डाव्या हाताची बोटे नळीबरोबरच जातात. फटाक्यांतील दारूची तर गोष्टच बोलू नये. जुन्या सोळा बोअरच्या कित्येक बंदुकांचे घर ६५ मिलिमीटरचे, पुढच्यांचे ७०. आखूड घरात लांब खोके उडवले की दाब वाढतो. कागदी खोके आपल्या पावसाळ्यात फुगते ते वेगळेच. आणि दारूचे भय काय असते, हे या परिसराला शिकवावे लागत नाही. मौदा ओलांडून भंडाऱ्याकडे निघाले की जवाहरनगरचा आयुध निर्माणीचा कारखाना लागतो. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथील स्फोटात आठ कामगार गेले. त्याआधी १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावच्या खासगी कारखान्यात नऊ जण गेले. शिकलेल्या, सरावलेल्या हातांची जेथे ही गत, तेथे कंदिलाच्या उजेडात अंदाजपंचे भरणाऱ्याने काय आशा धरावी?

म्हणूनच आमचे म्हणणे असे की हे काम उजेडात आणा. सोळा बोअर विकून बारा घ्या, हा सल्ला ऐकायला सोपा आहे. ज्या बंदुकीला काडतूस मिळत नाही ती विकत घेणार कोण? आणि नव्या दुनळीची किंमत व तिच्या परवानगीच्या खेपा तीन एकर धानाच्या मालकाला परवडणार काय? परदेशातून मागवावे, तर सामान्य नागरिकासाठी आयातीची वाट १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंदच आहे. उरतात दोन मार्ग. एक, खडकीच्या दारूगोळा कारखान्याने वर्षातून एकदा सोळा बोअरची एक लहान खेप काढावी. १८६९ पासून चालत आलेला हा कारखाना बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसे बनवतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. कंपनी झाली म्हणजे ग्राहकाचा विचार करावयाचा असतो, असे आम्ही समजतो. दुसरा मार्ग, परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानी किंवा जिल्ह्याच्या रायफल क्लबात, नोंदवहीसह, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली पुनर्भरण. मालकाने रिकामी खोकी जमा करावीत, तितकीच भरलेली घ्यावीत, परवान्यावर नोंद व्हावी. यात गुन्हेगाराला कोणती संधी मिळते, ते गृहखात्याने सांगावे. कट्टेवाला नोंदवहीत सही करायला येत नसतो.

केरळने २०२२ मध्ये उपद्रवी रानडुकरे मारण्याचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिले आणि परवानाधारक बंदूकधाऱ्यांना त्या कामी लावले. तेथे तेव्हा सत्ता कोणाची होती, हे या पानांच्या वाचकास सांगणे नलगे. पण चांगली गोष्ट शत्रूच्याही दारची घ्यावी.

मागणी किती, असे कंपनी विचारील. देशातील शस्त्रपरवाने आता राष्ट्रीय माहितीसंचात नोंदलेले आहेत, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक आहे. मौदा, कुही, उमरेड, रामटेक या तालुक्यांत सोळा बोअरच्या किती बंदुका आहेत, हे नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातील कारकून एका दुपारी काढून देऊ शकतो. तो आकडा एका पत्रात घालून खडकीस पाठवावयाचा आहे. धान लोंबीला येण्यापूर्वी ते पत्र निघावे. टपालखर्च मौद्याचे शेतकरी देतील.